'पुश'ला 'ढकलणे' म्हणायचं का?

नवशिक्यांसाठी गिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर, मराठीत टिपण लिहितोय. आपल्या मशीनवरचा रेपो (फाइली आणि त्यांच्या बदलांचा इतिहास) पहिल्यांदा सर्व्हरवर नेण्याच्या, म्हणजे 'पुश'च्या, पायरीला अडलो. 'रेपो सर्व्हरवर ढकला' असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं, काम दुसऱ्याच्या गळ्यात मारल्यासारखं वाटतं. 'प्रकाशित करा' चालेल?

—

'प्रकाशित' नको. प्रकाशित म्हणजे चारचौघांपुढे आलं. रेपो खासगी असेल तर सर्व्हरवर जाऊनही परक्याला दिसत नाही. काही एडिटरांत 'पब्लिश ब्रँच' असं बटण असतं खरं, पण त्याचा अर्थ एवढाच की फक्त तुमच्याकडे असलेली शाखा (ब्रँच, म्हणजे कामाचा एक वेगळा धागा) आता तिकडेही आहे. आणि 'ढकलणे'त वस्तू आपल्या हातून जाते. इथे आपल्याकडचं काहीच हलत नाही, तिकडे नसलेल्या कमिटची (नोंदवलेल्या बदलांची) प्रत तेवढी जाते. सरळ 'पाठवणे' लिहा.

—

'पाठवणे' बरोबर आहे, पण सपक. 'चढवणे' का नको? फाइल साइटवर चढवली, असं आपण म्हणतोच. शिवाय पहिल्या पुशच्या आज्ञेला जोडतात तो '-यू' अपस्ट्रीममधला, म्हणजे प्रवाहाची वरची बाजू. तिकडे नेणं ते चढवणं, तिकडून आणणं ते उतरवून घेणं. 'पुल'ची, म्हणजे तिकडून आणण्याचीही, सोय झाली!

'रेटणे' मात्र 'फोर्स'साठी राखून ठेवा. तिकडच्या शाखेवर आपल्याकडे नसलेले कमिट आधीच असले की गिट 'रिजेक्टेड' म्हणून अडवतं. तरीही पुढे जाणं म्हणजे 'खोटं बोल पण रेटून बोल'मधलं रेटणं. मी एकदा असंच रेटलं, तर सहकाऱ्याचं दुपारभराचं काम शाखेवरून गायब. त्याच्या मशीनवर होतं म्हणून निभावलं.

—

'चढवणे' पटलं. पण 'गिट रिमोट ॲड ओरिजिन' लिहून पुढे सर्व्हरचा पत्ता देतात, त्यातल्या 'ओरिजिन'चं काय करू? 'उगम' म्हणावं तर सगळंच उलटं. उगम तर माझ्या मशीनवर आहे!

—

ते क्लोनमुळे, म्हणजे दुसरीकडच्या रेपोची प्रत आपल्याकडे आणण्यामुळे. क्लोन केलं की जिथून आणलं त्या जागेला गिट आपणहून 'ओरिजिन' म्हणतं. स्वतःचा रेपो जोडताना लोक सवयीने तेच नाव देतात, दुसरं दिलं तरी काही बिघडत नाही. विशेषनाम समजा आणि भाषांतर करू नका. 'रिमोट'लाही 'दूरस्थ' नको. त्याच डिस्कवरचा दुसरा फोल्डरसुद्धा रिमोट होऊ शकतो. मी 'पलीकडचा रेपो' म्हणतो.

सबव्हर्जन या गिटआधीच्या तशाच साधनावरून आलेल्यांसाठी एक वाक्य जरूर घाला. तिथे कमिट केलं की ते थेट सर्व्हरवर जायचं, त्यामुळे चढवण्याला वेगळं क्रियापद लागायचंच नाही. २००५ साली आलेल्या गिटमध्ये कमिट आपल्याकडेच राहतो. नवा माणूस कमिट करून निवांत बसतो आणि पलीकडे काहीच पोचलेलं नसतं.

—

घातलं. 'गिट पुश -यू ओरिजिन मेन'खाली आता असं लिहिलंय: 'मेन शाखा ओरिजिनवर चढवा आणि ही जोडी गिटला लक्षात ठेवायला सांगा, पुढच्या वेळी नुसतं गिट पुश पुरेल.'