‘मॉक ड्राफ्ट’, ‘पिक’, ‘रीच’, ‘बस्ट’ यांना मराठीत काय म्हणायचं?

नेपरव्हिलकर

येत्या गुरुवारी, २५ एप्रिल २०२४ला, डेट्रॉइटमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट सुरू होतोय; त्यात संघ एकामागून एक नवे खेळाडू निवडतात. शिकागो बेअर्स या संघाच्या मराठी चाहत्यांचा आमचा एक लहानसा गट आहे आणि सध्या तिथे दुसरा विषय नाही. बोलणं मराठीत चालतं, पण कळीचा शब्द आला की सगळे इंग्रजीत शिरतात. भारतातली नातेवाईक मंडळीही हे वाचतात आणि तिथेच अडखळतात. म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

आधी परिस्थिती सांगतो, म्हणजे शब्द कुठे लागतात ते कळेल. बेअर्सकडे यंदा पहिला आणि नववा नंबर, म्हणजे निवडायची पाळी, आहे. नववा स्वतःचा. पहिला मुळात कॅरोलिना पँथर्सचा. २०२३ साली बेअर्सकडे पहिला नंबर होता, तो त्यांनी पँथर्सना दिला. बदल्यात डी. जे. मूर हा रिसीव्हर (पास झेलणारा), त्या वर्षीचा नववा आणि एकसष्टावा नंबर, २०२४च्या पहिल्या फेरीचा आणि २०२५च्या दुसऱ्या फेरीचा नंबर असं सगळं घेतलं. पँथर्स त्या मोसमात सतरापैकी दोनच सामने जिंकले आणि शेवटचे आले, आणि तळाच्या संघाला पहिली पाळी मिळते, त्यामुळे त्यांचा २०२४च्या पहिल्या फेरीचा नंबर म्हणजे पुन्हा पहिलाच नंबर झाला.

मार्चमध्ये आमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जस्टिन फील्ड्स याला पिट्सबर्गला धाडल्यावर पहिल्या नंबरला क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स येणार हे जवळपास ठरलेलं आहे. ज्या संघाच्या एकाही क्वार्टरबॅकने आजवर एका मोसमात पास फेकून ४००० यार्डांचा पल्ला गाठलेला नाही, त्या संघाच्या चाहत्यांना हे किती मोठं वाटत असेल बघा. सगळी भांडणं नवव्या नंबरवरून आहेत. रोम ओडुन्झे तोवर उरला तर रिसीव्हर घ्यायचा, की डॅलस टर्नरसारखा क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून जाणारा बचावपटू? की केलेबला सांभाळायला एखादा टॅकल? त्यानंतर आमच्या हातात फक्त ७५ आणि १२२ हे दोन नंबर आहेत. दुसऱ्या फेरीचा नंबर बचावपटू माँटेझ स्वेटला आणताना वॉशिंग्टनला गेला.

तर प्रश्न असे: ‘ड्राफ्ट’ला मराठी शब्द आहे का? ‘मॉक ड्राफ्ट’ला, म्हणजे कोण कोणाला घेईल हे आधीच लिहून काढण्याला, काय म्हणावं? आणि ‘रीच’ला, म्हणजे एखाद्याला अपेक्षेपेक्षा वरच्या नंबरला घेण्याला, ‘उडी’ चालेल का?

पुणेकर

‘मसुदा’ नको, एवढं आधी सांगते. यंत्राने केलेल्या भाषांतरांत ‘एनएफएल मसुदा’ दिसतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की कुठल्या तरी विधेयकाची गोष्ट चालली आहे. मसुदा कागदाचा असतो, माणसांचा नसतो.

‘लिलाव’ही नको. आयपीएलमुळे तो शब्द जिभेवर बसलाय, पण लिलावात बोली लागते, जास्त पैसे मोजेल त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. नव्या खेळाडूचा पहिला करारही बराचसा तो कितव्या नंबरला गेला यावर ठरतो, २०११ पासून एनएफएलमध्ये तसाच नियम आहे. हा फरक आपल्याकडेही दिसलेला आहे. इंडियन सुपर लीगने २०१४ साली देशी खेळाडू संघांना दिले ते मुंबईत ड्राफ्ट घेऊन. २०१७च्या ड्राफ्टमध्ये जमशेदपूरने पहिल्या नंबरला अनस एडथोडिकाला घेतलं, तेव्हाही मानधन आधी ठरलेलं होतं, बोली लावून नव्हे.

माझ्या मते ‘ड्राफ्ट’ तसाच ठेवावा. गोल, पेनल्टी, विकेट हे शब्द आपण ठेवलेच आहेत. पहिल्यांदा वाचणाऱ्यासाठी एकदा ‘पाळीपाळीने निवड’ असं लिहावं आणि पुढे जावं.

‘मॉक’साठी शासकीय मराठीत ‘अभिरूप’ आहे: अभिरूप न्यायालय, अभिरूप संसद. ‘अभिरूप ड्राफ्ट’ व्याकरणाने चोख आहे, पण चहा पिताना कोणी म्हणेल असं वाटत नाही. ‘लुटुपुटूचा ड्राफ्ट’ कानाला बरा लागतो.

कोल्हापूरकर

आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा, शाहू स्टेडियमवरचा. पेठेचा आणि तालमीचा अभिमान तिथं इतका कडक की कुठला खेळाडू कुठं जाणार यावर मोसमाआधी कट्ट्याकट्ट्यावर चर्चा झडते. ड्राफ्ट मात्र नाही. तरी तुमचा ड्राफ्ट मराठी माणसाला समजावणं अवघड नाही. लहानपणी दोन कॅप्टन समोरासमोर उभे राहून ‘गडी पाडायचे’ किंवा ‘टीम पाडायची’, तेच हे. एक तू घे, एक मी घेतो. फरक एवढाच की आपल्याकडं पहिला हक्क टॉस किंवा छापाकाटा जिंकणाऱ्याचा, तिकडं आदल्या मोसमात सगळ्यात जास्त हरलेल्याचा.

‘लुटुपुटूचा’ मला पटत नाही. लुटुपुटूची लढाई खेळणाऱ्याला माहीत असतं की हे खरं नाही. मॉक ड्राफ्ट करणारा मात्र मनापासून सांगत असतो की हे असंच होणार. त्यासाठी मराठीत शब्दांची रांग लागलीय, फक्त प्रत्येकाचं वजन वेगळं.

‘अंदाज’ कुणीही, कशावरूनही करावा. ‘अटकळ’ बांधायला एखादी खूण लागते: मार्चमध्ये फील्ड्सला सोडलं, म्हणजे हे क्वार्टरबॅक घेणार, ही अटकळ. ‘आडाखा’ त्याहून मोठा, त्यात हिशेब असतो. कुणाला काय पाहिजे, कुणाकडं किती नंबर, चौथ्यानं हा घेतला तर सहाव्याला कोण उरतो. निवडणुकीत मतदारसंघवार आडाखे बांधतात तसेच. ‘ठोकताळा’ म्हणजे अनुभवावरून बसलेला नियम: क्वार्टरबॅक हमखास अपेक्षेपेक्षा वर जातात, हा ठोकताळा. आणि ‘होरा’ खरा ठरतो किंवा चुकतो, त्याला कारण द्यावं लागत नाही. मॉक ड्राफ्टला माझं मत ‘आडाखा’. बत्तीस संघांची पहिली फेरी लिहून काढली तर ‘पहिल्या फेरीचे आडाखे’.

नेपरव्हिलकर

‘आडाखा’ एकदम बसला, कोल्हापूरकर! आजपासून आमच्याकडे तोच चालेल.

आता ‘पिक’चा घोळ. वर मी ‘नंबर’ लिहिलं, पण गटात काही जण ‘निवड’ लिहितात. ‘बेअर्सनी पहिली निवड दिली’ असं वाचून काकूंनी विचारलं, “निवडलेला पोरगा परत कसा दिला?”

शार्लटकर

काकूंचा प्रश्न रास्त आहे. मी पँथर्सवाला, त्यामुळे तो ‘पिक’ कुठे गेला हे मला जरा जास्तच ठाऊक आहे.

इंग्रजीत ‘पिक’ हा एकच शब्द दोन गोष्टींना लागतो: निवडायचा हक्क, आणि निवडलेला माणूस. मराठीत हे वेगळे ठेवले तर वाक्य स्वच्छ होतं. हक्काला ‘नंबर’ किंवा ‘पाळी’, माणसाला ‘निवड’. आम्ही नंबर घेतला आणि आमची निवड होती ब्राइस यंग. बेअर्सनी नंबर दिला, निवड नव्हे. नंबर विकता येतो, बदलता येतो, पुढच्या वर्षाचा देऊन टाकता येतो. निवड ही त्या रात्री मंचावरून नाव पुकारलं की होते.

पाळीला घड्याळही असतं. यंदा पहिल्या फेरीत दहा मिनिटं. २००३ साली मिनेसोटा व्हायकिंग्जची सातव्या नंबरची वेळ संपून गेली, तेवढ्यात जॅक्सनव्हिल आणि आमच्या पँथर्सनी आपापली नावं पुढे केली आणि व्हायकिंग्ज नवव्यावर आले. ‘ऑन द क्लॉक’ला म्हणून मी ‘पाळी लागली’ म्हणतो. पाळी लागते आणि चुकतेही, दोन्ही क्रियापदं आपल्याकडे तयार आहेत.

‘रीच’ला ‘उडी’ मात्र नको. उडी ही नंबरांची असते. मागचा नंबर आणि वर काहीतरी देऊन पुढचा नंबर घेतला, ती उडी. २०१७ साली तुमच्या बेअर्सनी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जायला सॅन फ्रान्सिस्कोला आणखी तीन नंबर दिले आणि क्वार्टरबॅक मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. ती एका घराची उडी. ‘रीच’ म्हणजे आहात तिथेच राहून, ज्याला लोक खाली धरत होते त्याला वर घेणं.

पुणेकर

म्हणजे ‘घाई केली’?

शार्लटकर

तेच म्हणणार होतो, पण थांबलो, कारण ‘घाई’मध्ये दोष येतो. ‘आधीच उचलला’ म्हटलं तर फक्त घडलं ते सांगितलं जातं. घाई होती की नाही ते नंतर कळेल.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. ‘आधीच’ म्हणजे कशाच्या आधी? खेळाडूच्या कपाळावर नंबर लिहिलेला नसतो. लोकांच्या आडाख्यांत तो जिथे होता त्याच्या आधी, एवढाच त्याचा अर्थ. संघाची स्वतःची प्रतवारी आपल्याला दिसत नाही. ‘बिग बोर्ड’ला मी ‘प्रतवारी’च म्हणतो, पहिल्या प्रतीचे, दुसऱ्या प्रतीचे. त्या प्रतवारीत तो पोरगा वर असेल तर संघाच्या दृष्टीने काहीच आधी झालेलं नसतं. म्हणून ‘रीच’ हा आपल्या आडाख्यांबद्दलचा शब्द आहे, खेळाडूबद्दलचा नाही. तो रागाने खेळाडूला चिकटवला जातो याचा मला मनापासून त्रास होतो. बावीस वर्षांच्या पोराने नंबर मागितलेला नसतो.

‘स्टील’चंही तेच, उलट्या बाजूने. अपेक्षेपेक्षा खाली मिळाला तर ‘हाती लागला’.

कोल्हापूरकर

मग ‘बस्ट’ला, म्हणजे अपेक्षा पुऱ्या न करणाऱ्याला, ‘फुसका बार’. पण तो शब्द ड्राफ्टच्या रात्री वापरायचा नाही. वात पेटवायच्या आधी बार फुसका म्हणता येत नाही.

शार्लटकर

मान्य. निदान तीन मोसम तरी जाऊ द्यावेत. १९९८ साली पहिला पेटन मॅनिंग की रायन लीफ या क्वार्टरबॅकांवरून खरोखर दोन तट होते. लीफ फुसका बार ठरला तो नंतर, मैदानावर. ट्रुबिस्कीला तो शब्द लावावा असं मला वाटत नाही. २०१८ साली तो खेळत असताना बेअर्स ११ सामने जिंकले होते. त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरला पॅट्रिक माहोम्स, पुढे फार मोठा ठरलेला क्वार्टरबॅक, गेला म्हणून ट्रुबिस्कीचं नाव घेतलं की सुस्कारे पडतात. त्याला ‘हुकलेली संधी’ म्हणा, आणि ती संघाची.

उलट बाजूलाही वेळ लागतो. पुढे महान ठरलेला टॉम ब्रेडी २००० साली सहाव्या फेरीत १९९व्या नंबरला गेला, तेव्हा ‘हाती लागला’ कोणी म्हटलं नाही. ब्रॉक पर्डी २०२२ला अगदी शेवटचा, २६२वा. अशांना ‘सोनं झालं’ म्हणावं. रात्रीचे शब्द वेगळे, तीन वर्षांनंतरचे वेगळे.

पुणेकर

या आठवड्यात जे ऐकू येतं त्याचेही शब्द वेगळे करा. ‘अमुक संघ तमुक खेळाडूवर नाराज आहे’ असं कुणीतरी मुद्दाम बाहेर सोडलं तर ती ‘पुडी’. ती दहा तोंडांतून फिरली की ‘कंडी पिकली’. आणि दुसऱ्या संघाने फसावं म्हणून सोडली असेल तर ‘धूळफेक’. ‘स्मोकस्क्रीन’ला याहून नेमका शब्द शोधायची गरज नाही.

नेपरव्हिलकर (ड्राफ्टनंतर)

झालं! पहिल्याला केलेब, नवव्याला ओडुन्झे. नवव्याचा माझा आडाखा बरोबर आला पण वेगळ्या कारणाने. मी धरलं होतं की वरच्या संघांपैकी कोणीतरी बचावपटू उचलेल आणि रिसीव्हर खाली येईल. घडलं भलतंच: पहिले चौदाच्या चौदा खेळाडू आक्रमणातले गेले, पहिला बचावपटू पंधरावा. बारा नंबरांत सहा क्वार्टरबॅक. आठव्याला अटलांटाने क्वार्टरबॅक मायकेल पेनिक्सला घेतलं आणि टर्नरही आमच्यासमोर उरला होता.

पेनिक्सला ‘आधीच उचलला’ म्हणायचं ना? मार्चमध्येच त्यांनी क्वार्टरबॅक कर्क कझिन्सशी चार वर्षांचा १८ कोटी डॉलरचा करार केलाय.

शार्लटकर

‘आधीच उचलला’ म्हणा, पण कझिन्सचं कारण त्याला जोडू नका. तो मुद्दा गरजेचा आहे: हातात क्वार्टरबॅक असताना दुसरा कशाला? पेनिक्स कितव्याला जायला हवा होता हा प्रश्न वेगळा. गुरुवारपासून दोन्ही भांडणं एकाच शब्दाखाली चालू आहेत.

नेपरव्हिलकर

आमच्याकडे तेच १२२व्यावरून चाललंय. टोरी टेलर, मेलबर्नचा, आयोवाकडून खेळलेला पंटर. चार नंबरांतला एक पंटरवर घालवला म्हणून अर्धा गट पेटलाय.

कोल्हापूरकर

पंटर म्हणजे चेंडू लांब मारून परत देणारा? त्याची तुम्हाला गरज होती का?

नेपरव्हिलकर

होती. आणि त्या जागेसाठी तो यंदाचा सगळ्यांत चांगला मानला जात होता.

कोल्हापूरकर

मग त्याला आधीच उचलला म्हणणारे खेळाडूवर बोलत नाहीत, पंटर या जागेवर बोलतायत. तसं सरळ लिहा: ‘चौथ्या फेरीत पंटर घ्यावा का?’ वाद तोच, पण टेलरचं नाव बाजूला राहील.

शार्लटकर

आणि आमची नोंद घ्या. पँथर्सनी गुरुवारी ३३व्यावरून ३२व्यावर जाऊन झेवियर लगेटला घेतलं. एकच घर, पण ३२वा नंबर पहिल्या फेरीतला, आणि पहिल्या फेरीच्या खेळाडूचा करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवायचा हक्क संघाला मिळतो. एवढ्यासाठी बफेलोशी अदलाबदल केली. ही उडी. लगेट तिथे शोभतो की नाही, ते २०२७ साली विचारा.