मदत हवी आहे: मोहाच्या तेलाचं मलम उन्हाळ्यातही घट्ट राहील असं कसं करावं?

पैनगंगाकाठ:
नमस्कार. झरी जामणी तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. कापसाचा वेचा सुरू झाला की बायांच्या बोटांची दशा पाहवत नाही. वाळलेल्या बोंडांची टोकं नखांच्या कडेला रुततात, वरून थंडी; मग बोटं उलतात, टाचा उलतात. रात्री टोळ्यांचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावून निजलं की सकाळी कातडी मऊ पडते, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. तेच तेल घ्यायचं, त्यात आमच्याच धुऱ्यावरचा पाला मुरवायचा आणि मलम करायचं, असं मनात आहे. येत्या वेच्याला गावातल्या प्रत्येक वेचणारीच्या हातात एक डबी पडावी.

जिथे विचारावं तिथे 'शिआ बटर मागवा' असं सांगतात. शिआचं झाड पश्चिम आफ्रिकेतलं, आणि आपला मोह त्याच्याच कुळातला आहे, चिकूसुद्धा. टोळ्यांचं तेल पौषात तुपासारखं थिजतं. दाराशी झाड असताना दुरून चरबी का आणायची, हे मला खरंच पटत नाही.

अडतं ते पाल्यापाशी. कडुनिंब, कंबरमोडी (दगडी पाला) आणि ओली हळद घ्यायची आहे. सासूबाई म्हणतात, ओला पाला तेलात कुरकुरीत होईस्तोवर कढवायचा. व्हिडिओत सांगतात, सुकवलेला पाला कोमट तेलात मुरवायचा, तेल तापू द्यायचं नाही. खरं कोणाचं धरू? दुसरं, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डबीत नुसतं तेल उरेल. कोकम बटर घातलं तर घट्ट राहील का? आणि घरचं जवसाचं तेल भरपूर आहे, ते चालेल का?

माका_ब्राह्मी:
ताई, दोन्ही रीती एकाच गोष्टीसाठी आहेत: तेलात पाणी राहू नये. पाणी राहिलं की बुरशी धरणारच. आयुर्वेदात तेल सिद्ध करायची खूण ठरलेली आहे. तेलावर फेस येऊ लागतो, आतल्या चोथ्याची बोटांत वात वळते आणि ती विस्तवावर टाकली तर तडतडत नाही. तडतडली तर पाणी अजून आहे. सासूबाईंची पद्धत त्याच वाटेची आहे, फक्त पाला काळा पडेपर्यंत जाळू नका.

मी असं करीन: पाला आणि हळद आधी सावलीत खडखडीत वाळवा, मग मंद आचेवर तिळाच्या तेलात कढवा. गाळून घ्या आणि मोहाचं तेल शेवटी, नुसतं वितळेल इतक्याच उष्णतेवर मिसळा. कोरफडीचा गर घालायचा मोह होईल, तो टाळा. त्यात बहुतेक पाणीच असतं. जवसाचं तेल हवेशी लवकर खवट होतं आणि चिकट साय धरतं. ते जेवणातच बरं.

कोकम बटर साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं, म्हणजे तुमच्या मे महिन्यात तेही हरलं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. वजनाने तीन भाग तेलाला एक भाग मेण, इथून सुरुवात करा. गरम मिश्रणाचा थेंब बशीत टाकून गार झाल्यावर बोटाने दाबून पाहा. फार कडक झालं तर तेल वाढवा. मिश्रण हळूहळू निवलं तर रवाळ होतं, म्हणून डब्या गार पाण्याच्या परातीत ठेवा.

वऱ्हाडी_माणूस:
ताई, बाजारातून मेण आणसान तं पाहून आणा, मेणबत्तीचं पॅराफिन मेण म्हणून खपवतात. खऱ्या मेणाले मधाचा वास येते. आन् फवारणी झालेल्या वावरातून आल्यावर आधी साबणानं हात धुवाले सांगा, मंगच मलम. रक्त निघते अशा भेगेत भरू नोका. शुगर असलेल्या बाईच्या टाचा उलल्या असतीन तं डॉक्टरलेच दाखवा.

पैनगंगाकाठ:
किती नेमकं सांगितलंत दोघांनी! तिळाचं तेल घरच्या तिळाचं काढून घेते. हळद थोडीच घालीन, नाहीतर पिवळ्या हाताने वेचलेल्या कापसाला डाग लागतील. लावायचं रात्रीच. बचत गटातल्या बाया आताच विचारताहेत, उरलेल्या डब्या आठवडी बाजारात विकता येतील का?

माका_ब्राह्मी:
फुकट वाटायलाही परवाना लागतो का, ते आधी विचारून घ्या. विकायचं झालं तर सौंदर्यप्रसाधन बनवण्याचा राज्याचा परवाना लागतो, सौंदर्यप्रसाधने नियम २०२० प्रमाणे. 'भेगा बऱ्या होतात' असं लिहून विकलं तर ते औषधात मोडतं, त्याचा परवाना निराळा. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गटाने एकदा जाऊन या. आणि वाटायच्या आधी प्रत्येकीच्या कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस वाट पाहायला सांगा. कंबरमोडी काहींना खाजते.