झूम करताना लांब होते म्हणून लेन्स खेळणं?

लग्नाचा_कॅमेरा:
काल इथे एका महाशयांनी लिहिलं की कॅननची आरएफ ७०-२०० एफ/२.८ (दूरचं जवळ आणणारी झूम लेन्स) झूम करताना बाहेर येते, म्हणून ती हौशी लोकांचं खेळणं. खरी व्यावसायिक लेन्स म्हणजे आतल्या आत झूम होणारी, सोनीची ७०-२०० जीएम टू किंवा निकॉनची झेड ७०-२००. वाचून डोकंच फिरलं. याच खेळण्यावर चार वर्षं माझं घर चाललंय. २०१९ ची लेन्स, वजन १०७० ग्रॅम, मिटली की अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षा बुटकी. निकॉनची १४४० ग्रॅम. सकाळी हळद, दुपारी मंगलाष्टका, रात्री रिसेप्शन. अंतरपाट दूर होतो नेमका तेव्हा मुलीचा मामा आडवा येतो, मग हात डोक्यावर नेऊन फोटो काढावा लागतो. ३७० ग्रॅम म्हणजे काय, ते तेव्हा मनगटाला विचारा.

जिप्सीतली_धूळ:
ते महाशय मीच. लग्नात अक्षता उडतात हो, धूळ नाही. मे महिन्यात ताडोबाला या. पुढच्या जिप्सीच्या मागे लाल मातीचा पडदा असतो आणि तुमचं बॅरल, म्हणजे लेन्सची नळी, दर झूमला भात्यासारखी हवा ओढतं. शिवाय तुमच्या लेन्सला टेलिकन्व्हर्टर (टीसी, लेन्सच्या मागे लावून पल्ला वाढवायचं भिंग) बसत नाही. सोनी-निकॉनला पल्ला दुप्पट करणारा २एक्स लावला की १४०-४०० एफ/५.६ हातात. कॅननलाही ते उमगलं, म्हणून २०२४ मध्ये आतल्या आत झूम होणारी 'झेड' काढली आणि तिला टीसी बसवला.

लग्नाचा_कॅमेरा:
मला वाघाला लग्नाला बोलवायचं नाही. आणि २एक्सने दोन स्टॉप जातात, म्हणजे उजेड पाव उरतो, ते गिळलंत. पहाटेच्या उजेडात एफ/५.६ वर वाघ काढा, बांबूत काळा बोळा दिसेल. बॅरलला सील असतं, लेन्स म्हणजे काही सायकलचा पंप नव्हे.

काळी_लेन्स:
दोघेही थांबा. आधी हिशेब. कॅननचे १०७० ग्रॅम कॉलर (लेन्स ट्रायपॉडला लावायचं कडं) काढून, सोनीचे १०४५ सुद्धा कॉलर काढून. निकॉनचे १४४० मात्र कॉलरसकट! कॉलर काढा, १३६० होतात. म्हणजे फरक २९० ग्रॅमचा. पाव किलोच्या मालाला पावणेचारशे ग्रॅम सांगणारा वाणी बघितला नव्हता, आज बघितला.
आणि ताडोबात ७०-२०० ला टीसी लावून कोण बसतं? निकॉनची १८०-६०० घ्या, तीही आतच झूम होते.

जिप्सीतली_धूळ:
किंवा सोनीची २००-६००. कॅननवाल्यांची १००-५०० मात्र टीसी लावला की ३०० च्या खाली मिटतच नाही. बॅगेत ठेवायची तर आधी टीसी काढा, त्याच धुळीत.

चिपळूणचा_पाऊस:
धुळीचं काय घेऊन बसलात? ब्लोअरने उडते ती. बुरशीचं बोला. आतल्या आत झूम होणारी, काळी, महागडी, सगळे गुण असलेली माझी लेन्स जूनमध्ये बॅगेत घालून लोखंडी कपाटात ठेवली. गणपतीला बाहेर काढली तर मधल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. दुरुस्तीला दिली. पाच आठवड्यांनी परत आली. बुरशी गेली होती, तिच्या जागी आत एक केस होता. माझा नव्हे, मला टक्कल आहे.

काळी_लेन्स:
तांदळाच्या डब्यात ठेवायची की.

चिपळूणचा_पाऊस:
हा सल्ला पहिल्यांदा ज्याने दिला तो समोर यावा एकदा! तांदळाला पीठ असतं. ते झूमच्या रिंगेत गेलं की रिंग जात्यासारखी फिरते. घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल, बाकी सगळं थोतांड. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर परतायचे, पुन्हा निळे.

लग्नाचा_कॅमेरा:
तव्यावर?? निळ्या दाण्यांत विषारी कोबाल्ट क्लोराईड असतं. त्याच तव्यावर पोळ्या लाटून टाकता काय?

चिपळूणचा_पाऊस:
तवा वेगळा आहे. पोळ्यांचा तवा आईच्या ताब्यात असतो. त्याला हात लावला तर आधी माझीच बुरशी निघेल.

काळी_लेन्स:
एवढ्या महाग लेन्सवाल्याने ड्राय कॅबिनेट (आतली ओल आवरणारं विजेचं कपाट) घ्यावं. आर्द्रतेचा काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवायचा. त्याहून खूप कोरडंही बरं नाही, रबर आणि ग्रीसला त्रास.

चिपळूणचा_पाऊस:
आणि वीज? पावसात आमच्याकडे ती कधी जाते ते विचारू नका, कधी येते ते विचारा. शहरात बसून कोकणाला कॅबिनेट शिकवू नये.

जिप्सीतली_धूळ:
धागा लेन्सचा होता. तुमची भाजी उतरली असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ का?

लग्नाचा_कॅमेरा:
येऊ. २९० ग्रॅम, मान्य. कॉलर मी मोजली नव्हती, वाण्याकडून चूक झाली. पण खेळणं म्हणालात ते मागे घ्या. माझ्या बॅरलवर एका नवरीच्या भावाने लावलेला हळदीचा डाग आहे. चार वर्षं रोज आत-बाहेर करतोय, भिंगापर्यंत पोचलेला नाही.

जिप्सीतली_धूळ:
बरं, खेळणं नाही. 'लग्नापुरती उत्तम' म्हणतो. याहून जास्त मिळणार नाही. आणि डाग रोज आत-बाहेर करतोय हे तुम्हीच लिहिलंत, नोंद घेतली आहे.

चिपळूणचा_पाऊस:
ते कोबाल्टचं वाचून दाणे फेकले. बिनकोबाल्टचे केशरी दाणे कुठे मिळतील? आणि ते तव्यावर चालतात का?