मदत हवी आहे: सेकंड हँड गाडीचा ब्रेकचा रिकॉल, सर्व्हिस सेंटर टाळतंय
नमस्कार मंडळी, मागच्या वर्षी ओळखीतून २०२० ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, गाडी चांगली आहे पण गेल्या महिन्यात खंबाटकी घाट उतरताना ब्रेक पेडल एकदम दगडासारखं कडक झालं, दोन्ही पायांनी दाबलं, गिअर खाली घेतला तेव्हा कुठे वेग कमी झाला. मागे आई आणि लहान पोरगी बसली होती हो, अजून झोपेत दचकतो मी.

मेकॅनिक म्हणाला ब्रेकचा बूस्टर (पेडल दाबायला जोर कमी लागावा म्हणून असतो तो भाग) गेलाय. मग कंपनीच्या वेबसाईटवर आरसीवरचा चॅसी नंबर टाकून बघितला तर याच बूस्टरसाठी आपली गाडी रिकॉलमध्ये (म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांत) निघाली! त्याचं पत्र बहुतेक जुन्या मालकाकडे गेलं असणार. आता सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात तुम्ही पहिले मालक नाही, वॉरंटी संपली, पार्ट पण नाही, पैसे भरून करा. पण रिकॉल तर गाडीचा असतो ना, मालकाचा थोडाच?

१ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना, आणि दुरुस्तीचा खर्च कंपनीचा, एवढं वाचलंय. म्हणजे माझ्याकडे वेळही थोडाच उरलाय.

कुणी असं काम फुकट करून घेतलंय का? कंपनीला ईमेल आधी करू, की सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार, की ग्राहक हेल्पलाईन १९१५? जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) नकार लेखी कसा मागायचा? तोवर गाडी उभीच ठेवलीये, एसटीने जातोय. प्लीज सांगा.