आषाढीचं मीठ

बी-३०१ काकू: एकादशी जवळ आली. शेंदेलोण (ते गुलाबी सैंधव मीठ) मार्केट यार्डातून गोणीनेच आणू का? रोजच्या स्वयंपाकालाही तेच सुरू करावं म्हणते. ८४ खनिजं असतात म्हणे त्यात.

ए-१०४: माझं ५ किलो लिहा काकू. पांढरं मीठ म्हणजे विष, परवाच व्हिडिओ बघितला 🙏

सी-२०२ बाई: काकू, उपवासाला खुशाल आणा. रोजचं मात्र बदलू नका. ते गुलाबी मीठ मूळचं पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं, ९७-९८ टक्के सोडियम क्लोराइडच. रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचा भाऊबंद. मॅग्नेशियम म्हणाल तर दिवसभराच्या चमचाभर मिठातून फार तर १०-१५ मिलिग्रॅम. गरज ३०० च्या वर. आपल्या शेंगाचटणीतले मूठभर दाणेच ५० च्या आसपास देतात की!

ए-१०४: पण तोटा तर नाही ना बाई?

सी-२०२ बाई: आहे. पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलं नसेल तर आयोडीन जवळपास नाहीच. गलगंडासाठी सरकारने १९६२ पासून आयोडीनच्या मिठाचा कार्यक्रम चालवला तो उगाच नाही. घरात गरोदर सून असेल तर तिला रोज २५० मायक्रोग्रॅम लागतं, बाळाच्या मेंदूसाठी.

बी-३०१ काकू: आणि पादेलोण, म्हणजे काळं मीठ?

सी-२०२ बाई: ताकात चिमूटभर छान. वास गंधकाचा, बाकी तेही मीठच.

डी-४०३ काका: मला बीपी आहे. मुलाने पुण्याहून लो-सोडियम मीठ पाठवलंय. जरा कडवट लागतं, पण खातो.

सी-२०२ बाई: काका, किडनीचं काही?

डी-४०३ काका: किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलंय. बीपीची टेल्मिसार्टन गोळी चालू आहे.

सी-२०२ बाई: मग तो डबा आजच बंद करा!! कडवटपणा सोडियम कमी करून घातलेल्या पोटॅशियम क्लोराइडचा आहे. किडनी पोटॅशियम नीट बाहेर टाकत नसेल तर ते रक्तात साठतं, हृदयाचे ठोके बिघडतात. त्यात ही गोळीही पोटॅशियम वाढवते. ज्यांची किडनी ठणठणीत आहे त्यांना हेच मीठ चांगलं. चीनमधल्या खेड्यांत मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निकाल आला, पक्षाघात कमी झाले. तुमच्यासाठी नाही. डॉक्टरांना फोन करून पोटॅशियम तपासायचं का विचारा.

डी-४०३ काका: मुलगा म्हणाला होता हार्टला चांगलं. डबा काढला. फोन लावतो.

ए-१०४: 😳 मग आम्ही कोणतं खायचं?

सी-२०२ बाई: आयोडीनचं साधं. तेही माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. खारे दाणे, पापड, लोणचं धरून हं.

बी-३०१ काकू: बरं, गोणी रद्द. १ किलोची पाकिटं आणते, उपवासापुरती. रात्रीपर्यंत नावं लिहा.

ए-१०४: माझं १ करा काकू. ४ कॅन्सल.