मिन्नल मुरली : व्हिलन भारी पडला म्हणून पिक्चर फसला?

कोणीतरी म्हणालंय की व्हिलनच हिरोला खाऊन टाकतो म्हणून मिन्नल मुरली हा मल्याळम सुपरहिरो पिक्चर फसला. मला तर तीच त्याची सगळ्यात मोठी ताकद वाटली! गुरू सोमसुंदरमने केलेला व्हिलन शिबू हा चहाच्या टपरीवरचा माणूस, गाव त्याला येडा समजतं, वर्षानुवर्षं एकाच बाईवर जीव लावून बसलेला, त्याच्यावरही तीच वीज पडते जी हिरो जेसनवर पडते, म्हणजे पॉवर सेम, फरक फक्त गावाने कोणाला कसं वागवलं एवढाच. आमच्या देवगडाकडे असा एखादा शिबू प्रत्येक वाडीत सापडेल, म्हणून तो जास्त टोचतो.

आणि हिरो शिंपी आहे हे दिग्दर्शक बासिल जोसेफने नुसतं गंमत म्हणून ठेवलं नाहीये, तो लुंगी गुंडाळून तोंडाला फडकं बांधून मारामारी करतो तेव्हा दशावतारातला राजा मेकअपशिवाय स्टेजवर आल्यासारखा वाटतो, आणि ते चालून जातं. जेसन झालेल्या टोविनो थॉमसने भाव खाल्ला नाही हेपण बरं.

पण अडीच तासांच्या वर लांबी कशाला हो? मधला पोलिसवाल्याशी खुन्नसचा भाग रबर ताणतो, तो इन्स्पेक्टर नुसता कार्टून आहे. ब्रूस ली बिजी या कराटे शिकवणाऱ्या पोरीची तर एवढी मस्त ओळख करून दिली आणि नंतर जवळजवळ वाया घालवली, माझी खरी तक्रार तीच. इफेक्ट्सवर मात्र हसू नका, हॉलिवूडचं बजेट नाहीये ते.

आणि मल्याळममध्येच बघा राव, सबटायटल लावून. डबिंगमध्ये शिबू अर्धा जातो.