मदत हवी आहे: एक्स्चेंज सेमिस्टरमध्ये स्थानिक मुलांत मिसळायचं कसं?

इरॅस्मस प्लसवर (युरोपीय संघाची विद्यार्थी-देवाणघेवाण योजना) एका सेमिस्टरसाठी आले आहे, पण भोवती सगळे परदेशी विद्यार्थीच आणि बोलणं इंग्रजीत. इथलं जगणं जवळून कळावं म्हणून तर आले! इथली भाषा मला बी-१, म्हणजे मध्यम पातळीची येते. वर्गात समजतं, गप्पांत मागे पडते. टँडेम (दोघांनी एकमेकांना आपापली भाषा शिकवणं) करून पाहिलं, जोडीदार लगेच इंग्रजीवर येतो. हॉस्टेलचा करार सेमिस्टरभराचा असल्याने यजमान कुटुंबाकडे जाता येणार नाही. ३० ईसीटीएस क्रेडिट्स (युरोपातली अभ्यासाचा भार मोजायची एककं) पूर्ण करायची आहेत, त्यामुळे आठवड्यातली एखाद-दुसरी संध्याकाळच मोकळी.

लर्निंग अग्रीमेंटमधला (विद्यापीठांशी आधी ठरलेल्या विषयांच्या करारातला) एक विषय बदलून स्थानिक भाषेतला, गटप्रकल्प असलेला विषय घ्यावा, की आहे ते ठेवून गायनवृंद किंवा स्वयंसेवी काम धरावं? तुमच्या टिकाऊ ओळखी कशातून झाल्या? आणि बी-१वर असा विषय झेपतो का?